दोन फुटांचं रणांगण

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात, दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळच्या सत्रात कुणी आंबा-काजूच्या बागेबद्दल बोललं, कुणी बँकेतल्या नोकरीबद्दल, कुणी परदेशातल्या मुलाकडच्या मुक्कामाबद्दल. मला संयोजकांनी सांगितलं, "तू तुझ्या त्या सैनिकांबद्दल बोल." सांगताना ते हसले होते. हसणं साहजिक आहे. पन्नाशी ओलांडलेला माणूस टेबलावर चिमुकले हत्ती-घोडे मांडून फासे टाकतो, हे ऐकलं की आमच्या घरचेही हसतात. पण संयोजकांनी वीस मिनिटं दिली आहेत, आणि जेवणानंतरची वेळ आहे, तेव्हा झोप लागणार नाही अशा बेताने सांगतो.

खेळ कसा आहे, ते आधी सांगतो. दोन फूट लांब आणि दोन फूट रुंद असा एक पाट घ्यायचा. त्यावर टेकड्या, रान, ओढा, चिखल असं काहीबाही मांडायचं. दोन्ही बाजूंना प्राचीन काळातली एकेक फौज उभी करायची. प्रत्येक फौजेत बारा तुकड्या. एक तुकडी म्हणजे चार सेंटीमीटर रुंदीची एक पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेले दोन, तीन किंवा चार सैनिक. सैनिकाची उंची दीड सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षा जरा मोठी. हत्ती असला तर पट्टीवर एकटा हत्ती. मग पट्टीने अंतर मोजून तुकड्या हलवायच्या, समोरासमोर आल्या की फासे टाकायचे. तासाभरात निकाल लागतो. मी जो प्रकार खेळतो त्याचं नाव लॅटिन आहे, 'डी बेलिस अँटिक्विटाटिस', म्हणजे प्राचीन काळच्या युद्धांविषयी. खेळणारे त्याला नुसतं 'डीबीए' म्हणतात. फिल बार्कर नावाच्या इंग्रज गृहस्थाने आपल्या साथीदारांबरोबर हे नियम बांधले आणि १९९० साली ते छापून आले. नोकरीनिमित्त मी काही वर्षं इंग्लंडात होतो. तिथल्या एका छोट्या क्लबात मी हा खेळ शिकलो आणि परत येताना बॅगेत दोन फौजा घेऊन आलो.

आता तुम्ही म्हणाल, हे साहेबाचं खूळ आपल्या पालीत कशाला? त्यावर माझं उत्तर असं, की हा खेळ आपण सगळे खेळलेलो आहोत. दिवाळीची सुट्टी आठवा. भात कापून झालेलं असायचं, खळं सारवलेलं असायचं. खळ्याच्या कोपऱ्यात आपण जांभ्याचे चिरे आणि दगडगोटे रचायचो, वर पोती टाकायचो, लाल मातीचा चिखल लिंपायचो. अळीव पेरून हिरवळ आणायचो. मग बाजारातून आणलेले मातीचे मावळे बुरुजाबुरुजावर उभे राहायचे. महाराज सिंहासनावर, दाराशी तोफा, खाली गुहेत वाघ, आणि वाघाच्या शेजारी वाघापेक्षा मोठी गवळण! प्रमाणाचा पत्ता नसायचा. पण मावळा कुठे उभा करायचा यावरून आपली भांडणं व्हायची ना? "इथून शत्रू चढेल, इथे पहारा हवा," असं कुणीतरी म्हणायचंच. ज्या क्षणी आपण शत्रू कुठून चढेल याचा विचार केला, त्या क्षणी हा खेळ सुरू झाला. फरक एवढाच, की आपल्या किल्ल्यावर शत्रू कधी चढलाच नाही. मावळे चार दिवस पहारा देऊन डब्यात जायचे.

आणि मूळ शोधायला गेलं, तर ते आपल्याच अंगणात सापडतं. बुद्धिबळाचं जुनं नाव चतुरंग. चतुरंग म्हणजे सैन्याची चार अंगं: हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'त या खेळाचा उल्लेख आहे. चतुरंग इराणात गेला, त्याचं शतरंज झालं, तिथून अरबांबरोबर तो युरोपात पोचला. म्हणजे पटावर फौज मांडून डोक्याने लढायचं ही कल्पना आपल्याकडून बाहेर गेली.

महाभारतातली अक्षौहिणी आपण लहानपणी ऐकलेली आहे. अठरा अक्षौहिणी सैन्य, कौरवांचं अकरा आणि पांडवांचं सात, एवढं सगळ्यांना पाठ. पण त्यातलं गणित बघण्यासारखं आहे. सर्वांत लहान घटक म्हणजे पत्ती: एक रथ, एक हत्ती, तीन घोडे आणि पाच पायदळ. तीन पत्तींचं एक सेनामुख, तीन सेनामुखांचा एक गुल्म, तीन गुल्मांचा एक गण, मग वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी, दर वेळी तिप्पट. आणि दहा अनीकिनींची एक अक्षौहिणी. हिशेब केला की २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ निघतं. एवढे हत्ती खरोखर होते का, हा प्रश्न बाजूला ठेवा. ज्याने हे रचलं त्याच्या डोक्यात फौज ही ठरावीक प्रमाणाच्या तुकड्यांनी बनते, हे पक्कं होतं. गणिताच्या सरांनी आपल्याला भूमिती श्रेढी शिकवली तेव्हा हे उदाहरण दिलं असतं, तर मागच्या बाकांनाही ती समजली असती!

कौटिल्याचं अर्थशास्त्र तर याच्याही पुढे जातं. त्याचं दहावं अधिकरण युद्धावर आहे. फौजेचा मधला भाग तो उरस्य, आणि दोन्ही बाजूंचे पक्ष आणि कक्ष, अशी विभागणी सांगतो. दंड, भोग, मंडल आणि असंहत असे व्यूहांचे मूळ प्रकार सांगतो. दोन पायदळ सैनिकांत किती अंतर ठेवायचं, घोड्यांत किती, हत्तींत किती, तेही सांगतो: घोड्यांना पायदळाच्या तिप्पट आणि रथ-हत्तींना पाचपट. एका घोडेस्वाराच्या तोडीला तीन पायदळ आणि एका हत्तीच्या किंवा रथाच्या तोडीला पंधरा पायदळ किंवा पाच घोडे, असा हिशेबही देतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या हातातली नियमांची पुस्तिका आणि कौटिल्य यांत फार अंतर उरलं नाही. कोण कुणाला किती भारी, आणि कोणत्या जमिनीवर, हाच दोघांचा प्रश्न.

युरोपात पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. १७८० साली जर्मनीतल्या ब्रन्सविकच्या हेलविग नावाच्या गणितज्ञाने बुद्धिबळाचा पट खूप मोठा केला आणि घरांना डोंगर, दलदल, नदी असे रंग दिले. मग प्रशियातल्या राइसविट्झ बापलेकांनी घरंच काढून टाकली आणि खऱ्या नकाशावर खेळ आणला. मुलगा तोफखान्यात अधिकारी होता. त्याचे नियम १८२४ साली निघाले आणि प्रशियाच्या सैन्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी ते घेतले. लष्करी कॉलेजांतून नकाशावर जे सराव चालतात, त्यांचं मूळ तिथे आहे. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिलं आणि हा खेळ घरच्या दिवाणखान्यात आला. वेल्सबद्दल मला पुढे बोलायचं आहे. प्राचीन फौजांचे नीट अभ्यासलेले नियम इंग्लंडात १९६९पासून निघू लागले आणि त्याच वाटेने आमचा डीबीए आला.

आता नियमांतल्या तीनच गोष्टी सांगतो. बाकीच्या टेबलाशी बसलं की कळतात.

पहिली गोष्ट हुकमांची. आपली पाळी आली की आधी एक फासा टाकायचा. जेवढे टिपके पडतील तेवढेच हुकूम देता येतात. सहा पडले तर सहा, एक पडला तर एकच. एका हुकमात एक तुकडी हलते, किंवा एका रांगेत चिकटून उभ्या असलेल्या तुकड्या मिळून हलतात. म्हणून रांग मोडू न देणारा सेनापती एका हुकमात अर्धी फौज पुढे नेतो, आणि ज्याची फौज विखुरली त्याला सहा हुकूमही पुरत नाहीत. सेनापतीपासून लांब गेलेल्या तुकडीला हुकूम पोचवायला जास्त खर्च येतो. बुद्धिबळात प्रत्येक मोहरा तुमचं ऐकतो. इथे ऐकत नाही. ज्यांनी शाळेची सहल नेलेली आहे अशा सगळ्या बाईंना आणि सरांना हा नियम समजावून सांगायची गरज नाही.

दुसरी गोष्ट माघारीची. दोन तुकड्या भिडल्या की दोघांनी फासा टाकायचा आणि त्यात आपापली ताकद मिळवायची. कमी पडला तो मागे सरकतो. अगदी निम्म्यावर किंवा त्याहून खाली आला, तर बहुतेक वेळा तुकडी संपते. पण मागे सरकायला जागाच नसेल, बाजूने किंवा पाठीमागून शत्रू येऊन भिडला असेल, तर थोडक्यात हरलेली तुकडीही संपते. इतिहासातल्या कितीतरी लढायांचं मर्म यात आहे. समोरासमोर लढताना माणसं कमी मरतात. वाट बंद झाली की मरतात.

तिसरी गोष्ट सेनापतीची. सेनापतीची तुकडी पडली, की बहुधा खेळ आटोपतो. आपल्या इतिहासात हे दोनदा एकाच मैदानावर घडलं. १५५६ साली पानिपतावर हेमूच्या डोळ्यात बाण लागला आणि जिंकत आलेली फौज उधळली. १४ जानेवारी १७६१ रोजी त्याच पानिपतावर विश्वासराव पडले आणि दुपारनंतर चित्र पालटलं. त्या दिवशी फौज किती दिवसांची उपाशी होती, बाजारबुणगे आणि यात्रेकरू किती बरोबर होते, हे आपण पुस्तकात वाचलेलं आहे. सेनापती दिसेनासा झाला की उपाशी माणसाचे पाय आधी उचलतात.

आता एक लढाई टेबलावर मांडून दाखवतो. ख्रिस्तपूर्व ३२६, झेलम नदीचा काठ, पोरस विरुद्ध अलेक्झांडर. आपण सातवी-आठवीत वाचलेली. आपल्याला एवढंच आठवतं, की पोरस हरला आणि "कसं वागवू" असं विचारल्यावर त्याने बाणेदार उत्तर दिलं. पण तो का हरला?

एरियन या ग्रीक इतिहासकाराने दिलेले आकडे असे. पोरसाने शेवटच्या लढाईला चार हजार घोडदळ, तीनशे रथ, दोनशे हत्ती आणि तीस हजार पायदळ आणलं. अलेक्झांडर नदी ओलांडून आला तो पाचेक हजार घोडदळ आणि सहा हजारांच्या आसपास पायदळ घेऊन. आकड्यांनी बघितलं तर पोरसच भारी. शिवाय नदीला पूर होता आणि पोरस काठावर हत्ती लावून उभा होता. घोडे हत्तीच्या वासाने बुजतात, ते होडीतून उतरायलाच तयार होणार नाहीत, हे त्याला माहीत होतं.

अलेक्झांडरने काय केलं? रोज रात्री काठावर गोंगाट. आज इकडे, उद्या तिकडे. पोरस दर वेळी फौज घेऊन धावला. शेवटी कंटाळून त्याने धावणं सोडलं. आणि मग एका वादळी रात्री, मुसळधार पावसात, छावणीपासून सुमारे २७ किलोमीटर वर जाऊन अलेक्झांडरने नदी ओलांडली. म्हणजे पालीहून निघून रत्नागिरी गाठावी आणि आणखी पुढे जावं एवढं अंतर. मूळ छावणीत त्याने क्रॅटेरस या सरदाराला फौजेसह तसंच बसवून ठेवलं होतं, म्हणजे पोरसाला पाठही फिरवता येईना.

खबर मिळताच पोरसाने मुलाला रथ देऊन पुढे पाठवलं. आता तुम्ही आम्ही कोकणातली माणसं. लावणीच्या कुणग्यात बैलगाडी घातली तर काय होईल, हे आपल्याला कुणी सांगायला नको. रथ रुतले. मुलगा पडला. मुख्य लढाईतही पोरसाच्या लोकांचे मोठे धनुष्य जमिनीवर टेकवून ओढायचे होते, आणि ओल्या निसरड्या मातीत ते टेकेनात, असं दुसरा एक इतिहासकार कर्टियस सांगतो. हत्ती पुढे आले, त्यांनी सुरुवातीला धुमाकूळ घातला. पण ग्रीकांच्या हलक्या भालाईतांनी लांबून माहूत टिपले. माहूत नसलेला जखमी हत्ती आपला-परका ओळखत नाही. दोन्हीकडून घोडदळाने रेटल्यामुळे पोरसाचे लोक मधे दाटले आणि हत्तींच्या पायाखाली आपलेच लोक आले. मघाशी सांगितलेला दुसरा नियम आठवा: मागे सरकायला जागा नव्हती. पोरस स्वतः मात्र उजव्या खांद्याला जखम होऊनही हत्तीवरून शेवटपर्यंत लढत राहिला.

ही लढाई मी आजवर अनेकदा मांडली आहे, दोन्ही बाजूंनी खेळलो आहे. पोरस कधीकधी जिंकतो. पाऊस काढून टाकला, जमीन कोरडी धरली, की बऱ्याचदा जिंकतो. परीक्षेत आपल्याला प्रश्न असायचा, 'पोरसाच्या पराभवाची कारणे लिहा, गुण चार.' आपण चार मुद्दे पाठ करून चार गुण घेतले. टेबलावर मात्र प्रत्येक कारण तुम्हाला हाताने हलवून बघता येतं. हे कारण काढलं तर काय होतं? ते घातलं तर काय होतं? आपल्या इतिहासाच्या बाई इथे बसल्या आहेत. बाई, तुम्ही वर्गात नेहमी म्हणायचात, "सनावळी मी पुसून टाकीन, कारण पुसता येणार नाही." त्या वाक्याचा अर्थ मला हा खेळ खेळताना लागला.

इंग्लंडातून आणलेल्या दोन फौजा ग्रीक आणि रोमन होत्या. इथे आल्यावर मी ठरवलं, की सातवाहनांची फौज करायची, आणि ती आपल्या हाताने शाडूची करायची. दीड सेंटीमीटरचे सैनिक शाडूत जमत नाहीत, म्हणून दीड इंचाचे केले आणि पाटही मोठा केला. आता त्यांना कपडे कोणते घालायचे, शस्त्रं कोणती द्यायची? यासाठी मला महाराष्ट्र फिरावा लागला, आणि हा या छंदाचा सगळ्यात मोठा लाभ. लोणावळ्याजवळच्या भाज्याच्या लेण्यात ओसरीवर चार घोड्यांचा रथ कोरलेला आहे आणि शेजारी हत्तीवर बसलेला पुरुष. रथाला माणसं किती, हे तिथे बघितलं. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात सिंहलाच्या स्वारीचं मोठं चित्र आहे. ते सातवाहनांच्या नंतरच्या काळातलं, पण हत्ती, घोडेस्वार आणि भाल्यांची गर्दी कशी दिसते ते तिथे कळतं. सांचीच्या दक्षिण तोरणावर बुद्धाच्या अस्थींसाठी झालेल्या वेढ्याचं शिल्प आहे: तटबंदी, धनुर्धारी, हत्ती, रथ, सगळं. त्याच तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांच्या प्रमुखाने दिलेल्या दानाचा लेख आहे. म्हणजे ज्या कारागिरांनी ते घडवलं, त्यांना सातवाहनांची फौज माहीत असणार.

आणि नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी गावी १९०६ साली एक खजिना सापडला, तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी, नहपान या क्षत्रप राजाची. त्यांतल्या बऱ्याच नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. लढाई कुठे झाली, कशी झाली, किती माणसं पडली, याचं वर्णन त्या नाण्यांवर नाही. हरलेल्याच्या चेहऱ्यावर जिंकलेल्याचा ठसा, एवढंच. ती नाणी आठवली की वाटतं, इतिहासात आपल्यापर्यंत बहुतेक वेळा ठसाच पोचतो. खालचा चेहरा आपण शोधायचा.

आता जो प्रश्न मला सगळेच विचारतात, आणि विचारायलाच हवा, त्याकडे येतो. युद्धाचा खेळ करावा का? जिथे माणसं मरतात, त्याची करमणूक करायची का?

मघाशी मी वेल्सचं नाव घेतलं. 'लिटल वॉर्स' लिहिणारा वेल्स युद्धाच्या विरोधात होता. त्याचं म्हणणं असं होतं, की खेळातल्या युद्धाशी तुलना केली की खरं युद्ध किती मूर्खपणाचं आहे ते कळतं. ज्यांना हौस आहे त्यांनी ती दिवाणखान्यात भागवावी. पुस्तक आलं १९१३ साली. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. खेळाने युद्ध थांबत नाही, हे त्यावरून उघड आहे. पण म्हणून वेल्सचा मुद्दा खोटा ठरतो, असं मला वाटत नाही.

आपल्या वर्गातला एक मित्र सैन्यात होता. तो आज इथे आहे, मागच्या रांगेत बसला आहे, आणि नाव घेतलेलं त्याला आवडणार नाही. गेल्या गणपतीत तो गावी आला होता. आरती झाल्यावर आम्ही पडवीत पाट मांडला. त्याने पोरसाची बाजू घेतली. खेळ छान रंगला. त्याच्या तीन तुकड्या पडल्या होत्या, माझ्याही तीन. या खेळात चार तुकड्या आधी गमावतो तो हरतो. पाळी त्याची होती. समोर माझा सेनापती होता, फासा चांगला पडला असता तर त्याने मला तिथेच संपवलं असतं. तो पाटाकडे बराच वेळ बघत बसला. मग त्याने आपली रांग हळूहळू मागे घेतली आणि म्हणाला, "झालं. मी हरलो."

मी म्हटलं, "अरे, हरतोस कसा? एक फासा टाकून तर बघ."

तो म्हणाला, "फाशावर माणसं लावायची नसतात."

मग थोड्या वेळाने, पडलेल्या तुकड्या उचलत असताना, त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. "तुझा खेळ चांगला आहे रे. रांग, हुकूम, घबराट, सगळं जवळपास बरोबर आहे. पण एक गोष्ट खोटी आहे. मेलेले तू लगेच पाटावरून उचलून डब्यात टाकतोस. तिथे ते पडलेलेच असतात. आणि पुढची चाल त्यांच्या मधून करावी लागते."

त्यावर मला काही बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी माझ्या मराठी नियमांच्या वहीत एक नियम वाढवला. पडलेली तुकडी पाटावरून उचलायची नाही. जिथे पडली तिथेच आडवी ठेवायची, खेळ संपेपर्यंत. फिल बार्करच्या पुस्तिकेत हा नियम नाही. पण आता माझ्या घरी असंच खेळतात. आणि मित्रांनो, या एका नियमाने खेळ बदलतो. शेवटी शेवटी पाटावर उभ्यांच्या बरोबरीने आडवे दिसायला लागतात. जिंकणारा मुलगासुद्धा जरा गप्प होतो. टाळ्या वाजवत नाही.

आपण लढायांच्या गोष्टींवर वाढलेली माणसं आहोत. इथून आंब्याचा घाट चढला की विशाळगड, पावनखिंड. हाताशी संगमेश्वर. रत्नदुर्ग, जयगड, पूर्णगड तर आपलेच. या गोष्टी सांगायलाच हव्यात. पण त्या सांगताना शौर्य तेवढं सांगतो आणि चिखल, भूक, रात्रीची झोपमोड, चुकलेला निरोप, मागे राहिलेली घरं हे सगळं गाळतो. मग मुलांना वाटतं, जिंकायला फक्त छाती लागते. आज मोबाइलवरच्या लढाईत तर मेलेला गडी तीन सेकंदांत पुन्हा उभा राहतो. अशा वेळी दोन फुटांच्या पाटावर, समोरच्याच्या डोळ्यात बघत, हातातल्या तुकड्या एकेक आडव्या होताना बघणं ही वाईट शाळा नाही, असं माझं मत आहे. ज्याने एकदा पोरसाची बाजू हाताने खेळली, तो 'कारणे लिहा'चं उत्तर पाठ करणार नाही. आणि युद्ध हवंच म्हणून ओरडणाऱ्यांत तो सहजासहजी सामील होणार नाही.

म्हणून माझा एक छोटासा प्रस्ताव आहे. आपल्या बॅचने शाळेला ज्या वस्तू द्यायच्या ठरवल्या आहेत, त्यांत पंखे आहेत, पुस्तकं आहेत, संगणक आहे. त्यांच्या शेजारी एक पाट असू दे. आयात केलेले महागडे सैनिक नकोत. पुठ्ठ्याच्या चोवीस पट्ट्या, वर रंगवलेले हत्ती-घोडे, दोन फासे, एक मोजपट्टी आणि मराठीतले चार पानी नियम. हे सगळं मी तयार करून आणलं आहे. खर्च सांगायला लाज वाटावी इतका कमी आहे. सैनिक मुलांनीच करावेत असं मला वाटतं. चित्रकलेच्या तासाला भाज्याचा रथ काढावा, गणिताच्या तासाला अक्षौहिणी मोजावी, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर इतिहास खेळून बघावा. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, तर महिन्यातला एक शनिवार मी येईन. तुमच्यापैकी जे इथे आसपास राहतात, त्यांनी आळीपाळीने यावं. मुंबईकरांनी गणपतीत आणि शिमग्याला यावं. पैसे नकोत, वेळ हवा.

सैन्यातल्या मित्राला मी विचारलं, "तू येशील का मुलांना शिकवायला?" तो म्हणाला, "खेळ तू शिकव. रांग मागे कधी घ्यायची ते मी सांगेन." या शाळेतल्या मुलांना याहून चांगला शिक्षक मिळणार नाही.

माझी वीस मिनिटं संपली आहेत, आणि पलीकडे चहाची भांडी वाजायला लागली आहेत. आठवीच्या वर्गात, खिडकीकडच्या बाजूला, पोरस आणि अलेक्झांडर समोरासमोर मांडून ठेवले आहेत. जमीन ओली धरलेली आहे. चहा घेऊन ज्याला यायचं त्याने या. सर आणि बाई, पहिली पाळी तुमची.